जुना ॲम्प्लिफायर भंगारात देण्यापूर्वी

ईदच्या आधी घराची साफसफाई निघाली की पोटमाळ्यावरच्या आणि पलंगाखालच्या वस्तू खाली उतरतात. त्यात बऱ्याच घरांत एक जड, धूळ खाल्लेली पेटी निघते. चंदेरी पुढची पट्टी, मोठं गोल बटण, मागे तारांचं जंजाळ आणि सोबत लाकडी खोक्यातले दोन स्पीकर. कोणी म्हणतं, “अब्बांचा डेक आहे, राहू द्या.” कोणी म्हणतं, “जागा अडते, देऊन टाका.” भंगारवाला त्याचा लोखंड आणि तांब्याच्या वजनाने भाव करतो आणि विषय संपतो.

हा निर्णय माहिती घेऊन व्हावा, एवढ्यासाठी हा लेख. त्या पेटीत काय असतं, ती अजून चालू शकते का, चालवण्यात धोका कोणता आणि तिचा आज घरात काय उपयोग, हे पाहू. सगळेच जुने संच ठेवण्यासारखे नसतात. पण जे ठेवण्यासारखे आहेत, ते एकदा भंगारात गेले की परत मिळत नाहीत.

समुद्रापलीकडून आलेली पेटी

१९७० आणि ८० च्या दशकांत रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांतून, मुंबईतून आणि मराठवाड्यातूनही असंख्य माणसं कुवेत, सौदी, दुबई, बहारीन, कतारला कामाला गेली. सुट्टीवर येताना त्यांनी जे आणलं त्यात कपडे, अत्तर, घड्याळं यांच्या बरोबरीने टेपरेकॉर्डर आणि स्टिरिओ होते. नॅशनल पॅनासोनिक, सोनी, अकाई, सान्सुई, पायोनियर, केनवूड ही नावं तेव्हा लहान मुलांनाही पाठ होती. त्या काळात आपल्याकडे परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर भारी आयात शुल्क होतं. १९९१ नंतर बाजार खुला होत गेला, तोपर्यंत असा संच घरात असणं ही मोठी गोष्ट होती.

ज्यांच्या घरचं कोणी आखातात नव्हतं, त्यांच्याकडे देशी संच होते. फिलिप्स होताच. कोलकात्याच्या सोनोडाइनने आणि कॉस्मिकने मध्यमवर्गाला घरगुती स्टिरिओची ओळख करून दिली. दिल्लीच्या आहुजा कंपनीचे ॲम्प्लिफायर तर जलशांतून आणि शाळांच्या कार्यक्रमांतून आजही दिसतात.

या पेट्यांवर घरात काय काय वाजलं याची यादी करायला बसलो तर संपणार नाही. पहाटे कारी अब्दुल बासित यांची किराअत, दुपारी बेगम अख्तर यांची गझल, रात्री मुशायऱ्याची किंवा कव्वालीची कॅसेट. एकच पेटी, आणि ऐकणारं सगळं घर.

आवाज तयार कसा होतो

शाळेत ध्वनीचा धडा शिकवताना मी एक मोडका स्पीकर वर्गात नेते. त्याच्या कागदी कोनवर चार तांदळाचे दाणे टाकून खाली वायरला पेन्सिल सेल क्षणभर टेकवला की दाणे उडतात. मुलं हसतात, आणि धडा तिथेच समजतो. कोनच्या मागे तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. ते लोहचुंबकाच्या फटीत मोकळं लटकलेलं असतं. विद्युतप्रवाह आला की वेटोळं पुढे-मागे सरकतं, कोन हलतो, कोन हवेला ढकलतो आणि ती हवा आपल्या कानापर्यंत पोहोचते. रचना एवढीच. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये ती पक्की केली आणि आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात.

कॅसेट, रेडिओ किंवा मोबाइलमधून येणारा सिग्नल फार अशक्त असतो. कोन हलवण्याची ताकद त्याच्यात नसते. ती ताकद देण्याचं काम ॲम्प्लिफायरचं. तो भिंतीतल्या विजेतून शक्ती घेतो आणि त्या अशक्त सिग्नलच्या चढ-उताराप्रमाणे स्पीकरला पुरवतो. जुन्या ॲम्प्लिफायरचं बरंचसं वजन ट्रान्सफॉर्मरचं असतं, म्हणजे लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेचं. उरलेल्या वजनातला मोठा भाग उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पंख्यांसारख्या पट्ट्यांचा. भंगारवाला ज्या वजनाचे पैसे देतो, त्याच वजनामुळे तो संच चाळीस वर्षं टिकलेला असतो.

आता ‘स्टिरिओ’ या शब्दाविषयी. आपल्याला दोन कान आहेत म्हणून आवाज कुठल्या दिशेने आला ते कळतं. हीच गोष्ट ध्वनिमुद्रणात आणण्याची कल्पना ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये पेटंटच्या रूपाने मांडली. घराघरांत स्टिरिओ रेकॉर्ड पोहोचायला मात्र १९५८ साल उजाडलं. दोन स्पीकर योग्य अंतरावर ठेवले की तबला एका बाजूला, हार्मोनियम दुसऱ्या बाजूला आणि गाणारा मधोमध, जिथे प्रत्यक्षात काहीच ठेवलेलं नाही तिथे, उभा असल्यासारखा वाटतो. आजचा ब्लूटूथ स्पीकर एका छोट्या डब्यात असतो. तो सोयीचा आहे, आवाजही वाईट नसतो, पण डावं-उजवं हे अंतर त्यात जवळजवळ नाहीसं होतं.

लाकडी खोक्याचं महत्त्व

नुसता स्पीकर खोक्याबाहेर काढून वाजवला तर आवाज पोकळ आणि चिरका येतो. कारण कोन पुढे जातो तेव्हा मागची हवा कडेने पुढे येऊन जाड आवाज मारून टाकते. खोकं ती मागची हवा अडवतं.

पूर्वी भरदार आवाज हवा तर कपाटाएवढं खोकं लागे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या एडगर विल्चर यांनी एआर-१ नावाचा स्पीकर काढला. त्यांनी छोटं खोकं पूर्ण हवाबंद केलं आणि आतल्या कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला. कपाटाचं काम फळीवर मावणाऱ्या खोक्यात होऊ लागलं. पुढे दिवाणखान्यात ठेवता येतील असे जे स्पीकर जगभर निघाले, त्यांच्यामागे या कल्पनेचा मोठा हात आहे. काही खोक्यांना पुढे किंवा मागे गोल भोक असतं. तेही हिशेब करून ठेवलेलं असतं. धूळ जाते म्हणून ते चिंध्या कोंबून बंद करू नये, आणि बंद खोक्याला भोक पाडू नये.

वॅटचा फसवा आकडा

१९९० च्या दशकात बाजारात आलेल्या प्लॅस्टिकच्या संचांवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असे आकडे झळकत. पीएमपीओ मोजण्याची कोणतीही ठरलेली पद्धत नव्हती. ज्याला जो आकडा छापावासा वाटे तो छापी. खरा आकडा म्हणजे सतत देता येणारी शक्ती, जी आपल्याकडे ‘आरएमएस’ या नावाने लिहितात. जुन्या चांगल्या ॲम्प्लिफायरवर ती दर चॅनेलला १५, २५, ४० वॅट अशी दिसते. आकडा लहान वाटला तरी घराला तो भरपूर असतो.

का, ते पाहा. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर शक्ती साधारण दहापट लागते. साधा घरगुती स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८७ ते ९० डेसिबल आवाज देतो. हा चांगला मोठा आवाज झाला. खोलीत गप्पा मारत ऐकताना ॲम्प्लिफायर बहुतेक वेळ एका वॅटपेक्षाही कमी देत असतो. म्हणून २५ वॅटचा जुना खरा ॲम्प्लिफायर ‘हजार वॅटच्या’ डब्यापेक्षा सरस वाजतो.

एक आकडा मात्र जरूर पाहावा: ओहम. ॲम्प्लिफायरच्या मागे ‘८ ओहम’ लिहिलं असेल तर ८ ओहमचेच स्पीकर जोडावेत. एकाच जागी दोन-दोन स्पीकर जोडून ओहम कमी केले की ॲम्प्लिफायर तापतो आणि आतले ट्रान्झिस्टर जळू शकतात.

चाळीस वर्षांत काय बिघडतं

सुदैवाने बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा स्पीकरच्या कडेची रिंग. अनेक जुन्या स्पीकरमध्ये ती फोमची असते. फोम पंधरा-वीस वर्षांत, आणि कोकणासारख्या दमट हवेत त्याहूनही लवकर, बोट लावताच भुगा होतो. स्पीकर फरफरतो आणि घरचे म्हणतात, “स्पीकर फाटला.” कोन आणि कॉइल चांगली असेल तर नुसती रिंग बदलून स्पीकर पूर्ववत होतो. कापडी किंवा रबरी रिंग कितीतरी जास्त टिकते.

दुसरी जागा ॲम्प्लिफायरमधले मोठे कपॅसिटर. त्यांच्यातलं रसायन वर्षानुवर्षांत सुकतं. मग काही न वाजवताही स्पीकरमधून सतत ‘घूं’ असा आवाज येतो. कपॅसिटर बदलणं हे जाणत्या मिस्त्रीचं रोजचं काम आहे.

तिसरी जागा व्हॉल्यूमचं बटण आणि इतर स्विच. फिरवताना खरखर होते, एक बाजू येते-जाते. आत साचलेला गंज आणि धूळ हे त्याचं कारण. इलेक्ट्रॉनिक भागांसाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण वीस-पंचवीस वेळा फिरवलं की बहुधा ती जाते. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नये, त्यावर धूळ आणखी बसते.

ट्रान्सफॉर्मर जळला असेल, आतली पट्टी उंदरांनी कुरतडली असेल किंवा पाण्याने सडली असेल, तर मात्र हट्ट धरू नये. असा संच दुसऱ्या संचाला सुटे भाग देण्याच्याच कामाचा.

प्लग लावण्यापूर्वी

वर्षानुवर्षं बंद असलेला संच सरळ प्लगमध्ये लावणं हा सगळ्यांत महागात पडणारा प्रकार आहे. आखातातून आलेल्या संचांच्या बाबतीत तर जास्तच. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. कुवेत आणि दुबईची वीज आपल्या जवळपासची. सौदी अरेबियात मात्र अनेक घरांत १२७ व्होल्ट, ६० हर्ट्झ वीज असे. त्यामुळे तिथून आलेल्या संचाच्या मागे व्होल्टेज बदलण्याचा छोटा स्विच असेल तर तो ११० किंवा १२७ वर राहिलेला असू शकतो. तो आधी २२० किंवा २४० वर आणावा. स्विच नसेल आणि पाटीवर फक्त १०० किंवा १२० व्होल्ट लिहिलं असेल, तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय संच लावू नये.

पहिल्यांदा चालू करताना मिस्त्री सिरीज बोर्ड वापरतात. म्हणजे विजेच्या वाटेत जुन्या पद्धतीचा तारेचा १०० वॅटचा बल्ब. संच ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंद होतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटून राहतो आणि संच जळण्यापासून वाचतो. त्यानंतर स्पीकर न जोडता, मल्टिमीटरने स्पीकरच्या जागी डीसी व्होल्टेज मोजायचं. ते शून्याच्या आसपास, फार तर ५० मिलिव्होल्टपर्यंत असावं. काही व्होल्ट दाखवत असेल तर स्पीकर जोडू नयेत, कॉइल जळेल.

हे काम सराव असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं. बंद केलेल्या संचातही कपॅसिटर वीज साठवून ठेवतो. काचेच्या व्हॉल्व्हच्या जुन्या संचांत तर तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि त्यांचा झटका जीवघेणा ठरू शकतो. झाकण उघडलेला संच मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये.

आजच्या घरात जोडायचा कसा

“पण आता त्याच्यावर ऐकायचं काय?” हा प्रश्न नेहमी येतो. मागे ‘ऑक्स’, ‘ट्यूनर’ किंवा ‘टेप’ असं लिहिलेल्या जागेत साध्या वायरने मोबाइल, टीव्ही किंवा संगणक जोडता येतो. ब्लूटूथ हवं तर त्याचा वेगळा छोटा रिसीव्हर मिळतो. ‘फोनो’ ही जागा मात्र फक्त रेकॉर्ड प्लेअरसाठी. मोबाइल तिथे लावला तर आवाज फाटून आणि घुमून येतो. काही संचांना पाच पिनांचं गोल सॉकेट असतं, त्याची जोडणी कोणताही मिस्त्री बनवून देतो.

दोन्ही स्पीकर आणि आपली बसायची जागा मिळून समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकर कपाटावर चढवू नयेत, ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीला आणावेत. कोपऱ्यात कोंबले की जाड आवाज घुमतो. फरशी आणि कोऱ्या भिंतींच्या खोलीत आवाज आदळत राहतो. जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा एवढ्याने फरक पडतो. वायर बाजारातली साधी दोन पदरी तांब्याची चालते, पण दोन्ही बाजूंना लाल लालला आणि काळी काळ्याला हे पाळावं. एका स्पीकरची वायर उलटी लागली की तबल्याचा ठेका पातळ होतो आणि मधोमध उभा असलेला गायक हरवतो.

आणि शेजारधर्म. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. चांगला संच हळू आवाजातही स्वच्छ ऐकू येतो. भिंतीपलीकडे आजारी माणूस किंवा अभ्यास करणारं मूल असू शकतं.

कॅसेटमध्ये राहिलेली माणसं

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

आखाती देशांतून घरी फोन लावणं एके काळी महाग आणि अवघड होतं. ट्रंक कॉलसाठी तासन्‌तास थांबावं लागे. पत्र पोहोचायला दिवस लागत आणि घरात सगळ्यांना वाचता येत असेच असं नाही. म्हणून माणसं कॅसेटवर बोलत. तिथल्या खोलीवर बसून तासभर बोलायचं, आणि गावी जाणाऱ्याच्या हाती ती कॅसेट द्यायची. इकडे सगळं घर टेपभोवती बसून ऐके. मग दुसऱ्या बाजूवर अम्मी, दादी, लहान मुलं आपापलं बोलणं भरत आणि कॅसेट परत जाई. त्यात घराच्या कौलांचा खर्च होता, कुणाच्या निकाहची बोलणी होती, न पाहिलेल्या बाळाचं रडणं होतं.

त्या कॅसेट आजही ट्रंकेत, पुठ्ठ्याच्या डब्यात पडून आहेत. बोलणारे अनेक जण आता हयात नाहीत. त्यांचे फोटो आहेत, पण आवाज फक्त त्या पट्टीवर आहे. ती पट्टी वाजवायला चालू स्थितीतला डेक लागतो, आणि असा डेक अनेकदा त्याच पेटीच्या जोडीला असतो जी आपण भंगारात द्यायला निघालो आहोत.

कॅसेटला काळजी लागते. ६० मिनिटांच्या कॅसेटची पट्टी जाड असते, ९० ची पातळ आणि १२० ची फारच पातळ, ती अडकून तुटण्याचा धोका जास्त. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर ती चांगल्या डेकमध्ये घालू नये. आतला छोटा गादीचा तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबतो, अशा वेळी पट्टी दुसऱ्या स्क्रूच्या कॅसेटमध्ये बसवून घेता येते. वाजवण्याआधी मागच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे दात मोडावेत, म्हणजे चुकूनही त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. कॅसेट स्पीकरवर ठेवू नये, त्यातलं चुंबक ध्वनिमुद्रण खराब करतं.

मग डेकच्या ‘लाइन आउट’ किंवा ॲम्प्लिफायरच्या ‘टेप आउट’ मधून संगणकात आवाज घ्यावा. लॅपटॉपचं माइकचं भोक पुरेसं नसतं, यूएसबीला लागणारं छोटं साउंड कार्ड घ्यावं. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला उत्तम आहे. स्पीकरच्या तारांतून आवाज संगणकात घेऊ नये, संगणक बिघडेल. तयार झालेली फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि मूळ कॅसेटही जपावी.

मिस्त्री आहेत तोवर

मुंबईत चोर बाजारच्या मटन स्ट्रीटवर जुने संच आणि लॅमिंग्टन रोडला सुटे भाग मिळतात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही नजर असणाऱ्याला वस्तू सापडते. घेताना चालवून पाहावी, दोन्ही बाजू वाजतात का ते ऐकावं, स्पीकरची जाळी काढून रिंग बघावी.

पण खरी अडचण वस्तूंची नाही, हातांची आहे. तालुक्याच्या गावी रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान असणारे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. अनेकांनी दुकान मोबाइलच्या कव्हरांसाठी भाड्याने दिलं आहे. त्यांची मुलं या कामात नाहीत. जुन्या संचाचा प्रत्येक भाग दिसतो, सुटा होतो, बदलता येतो. तो दुरुस्त व्हावा असाच बनवला गेला होता. दुरुस्त करणारा माणूस राहिला नाही तर ही सोय निरुपयोगी ठरेल. विज्ञान शिकणाऱ्या मुला-मुलींना सुट्टीत अशा एखाद्या मिस्त्रीकडे महिनाभर बसवलं, तर सोल्डरिंग, मल्टिमीटर आणि ओहमचा नियम पुस्तकापेक्षा पक्का होईल. मिस्त्रींनाही कुणीतरी विचारायला आलं याचा आनंद होईल.

घरात असा संच असेल तर या महिन्यात एवढं करा. मागची पाटी वाचून व्होल्टेज आणि ओहम लिहून घ्या. संच न लावता मिस्त्रीला दाखवा. कॅसेटचा डबा उघडून घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा आणि प्रत्येक कॅसेटवर कोणाचा आवाज आहे, साधारण कोणत्या साली भरला, ते विचारून चिठ्ठी लावा. संच पुढच्या वर्षीही दुरुस्त करता येईल. आवाज ओळखणारं माणूस मात्र आज समोर आहे, तोवरच विचारून घ्यायला हवं.